शब्दचर्चा: ‘ट्युपल’ आणि ‘मॅपिंग’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न:
टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपणे लिहीत असताना फंक्शनांच्या ट्युपल टाइपचे (ठरावीक क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या टाइपचे) मॅपिंग, म्हणजे त्यातील प्रत्येक टाइपवरून नवा टाइप काढणे, समजावून सांगायचे आहे. ट्युपलला ‘संच’ आणि मॅपिंगला ‘रूपांतर’ म्हटलेले चालेल का?

उत्तर:
‘संच’ मुळीच नको. संचात क्रमाला अर्थ नसतो आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच धरला जातो. ट्युपलची तर सारी भिस्त कितव्या स्थानी कोणता टाइप आहे आणि एकूण स्थाने किती, यावरच असते. ‘यादी’ हा शब्द ॲरेसाठी राखून ठेवावा. समजा, एक फंक्शन स्ट्रिंग देते आणि दुसरे नंबर. त्यांच्या ट्युपलवरून निकालांचे ट्युपल काढले, तर पहिल्या स्थानी स्ट्रिंग आणि दुसऱ्या स्थानी नंबर हे निश्चित होते. तीच फंक्शने ॲरेत ठेवली, तर प्रत्येक निकाल स्ट्रिंग किंवा नंबर असेल, यापलीकडे कंपायलरला (कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) काही सांगता येत नाही. गणितातल्या ‘क्रमित जोडी’च्या धर्तीवर ‘क्रमित गट’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. तो सुरुवातीला एकदा देऊन पुढे ‘ट्युपल’ वापरावे, कारण वाचकाला कोडमध्ये आणि कंपायलरच्या संदेशांत तोच भेटणार आहे.

‘रूपांतर’ वाचून फंक्शन चालवले जाते आणि मूल्य बदलते, असा समज होतो. येथे कंपायलर केवळ टाइपवरून टाइप काढतो. म्हणून ‘स्थानवार मॅपिंग’ म्हणावे.

पुरवणी:
‘स्थानवार’ हे विशेषण मलाही पटते, परंतु त्यासोबत एक अट नोंदवायला हवी. मॅप्ड टाइप (एका टाइपच्या प्रत्येक सदस्यावरून नवा टाइप घडवणारी रचना) ट्युपलवर स्थानवार चालू लागले ते टाइपस्क्रिप्टच्या 2018 मधील 3.1 या आवृत्तीपासून, आणि तेही ‘कीऑफ’च्या (टाइपच्या सदस्यांची नावे देणाऱ्या शब्दाच्या) पुढे टाइप पॅरामीटर, म्हणजे नंतर भरायच्या टाइपची मोकळी जागा, असेल तेव्हाच. तेथे थेट ठरावीक ट्युपल लिहिले, तर मॅपिंग ‘लेंग्थ’, ‘पुश’ अशा सगळ्या सदस्यांवरून फिरते आणि हाती ट्युपल न येता भलताच ऑब्जेक्ट टाइप येतो. त्यामुळे टाइप पॅरामीटर घेणारा जेनेरिक टाइप वेगळा लिहून त्याला ट्युपल द्यावे, आणि टिपणातही ‘स्थानवार’ हा शब्द तेवढ्याच प्रकारासाठी वापरावा.