पाऊच लावून पोहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मला इलिओस्टॉमी आहे (ऑपरेशन करून लहान आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढलंय आणि शौच तिथे चिकटवलेल्या पाऊचमध्ये जमा होतं) आणि सर्जननी पोहायला पूर्ण परवानगी दिलीय, स्टोमातून पाणी आत जात नाही, क्लोरीननेही त्याला काही होत नाही हे सगळं समजलंय, पण भीती आहे ती फ्लँज (पाऊच त्वचेला धरून ठेवणारी चिकट चकती) सुटण्याची! घरी बादलीवरची अंघोळ, टब नाही, मग तासभर पाण्यात ट्रायल घेणार कुठे?

पाऊचवरच्या गॅस फिल्टरला आधी तो छोटा गोल स्टिकर लावायचा (भिजला की फिल्टर काम करत नाही), जाण्याआधी पाऊच रिकामा करायचा आणि जेवून लगेच उतरायचं नाही, इतकं माहितीये. आता सांगा, फ्लँजच्या कडेने मायक्रोपोर टेप पुरतो का त्या अर्धगोल बॅरियर स्ट्रिप्सच (कडा धरून ठेवणाऱ्या चिकट पट्ट्या) घ्याव्यात? नवीन फ्लँज आदल्या रात्री लावलेली बरी का?

आणि आमच्या टँकवर नायलॉनचाच कॉस्च्युम लागतो, टीशर्ट चालत नाही. फ्रॉकवाल्यात पाऊच झाकला जातो का, का आत घट्ट हाय वेस्ट शॉर्ट्स पण घालता? गेटवर "त्वचारोग, जखम असल्यास प्रवेश नाही" असा बोर्ड आहे, ही जखम नाहीये हे मला माहितीये पण लाइफगार्डला कोण समजावणार :) तुम्ही आधीच सांगून टाकता की गप उतरता? बायकांनी जरूर लिहा, मेसेज केलात तरी चालेल.