छायाचित्रांच्या काळात वनस्पतिचित्रांचा शास्त्राला उपयोग होतो का?

प्रश्न : मी स्थानिक रानफुलांची चित्रे जलरंगात काढतो. उत्तम कॅमेरे सर्वांच्या हाती असताना अशा चित्रांचा वनस्पतिशास्त्राला काही उपयोग उरला आहे का, आणि असल्यास अभ्यासकाला चालेल असे चित्र कसे असावे?

उत्तर १ : छायाचित्रात एकच झाड एका क्षणी जसे होते तसे येते, त्यात सावलीत गेलेला पुंकेसर आणि किडीने खाल्लेले पानही तसेच राहते. चित्रकार मात्र अनेक नमुने पाहून प्रजातीची स्थिर लक्षणे निवडतो, अंडाशय चिरून बीजांडांची मांडणी दाखवतो आणि पानामागची लव वेगळी, मोठी करून काढतो. त्यामुळे नव्या प्रजातीच्या वर्णनासोबत आजही अनेकदा शाईची रेखाचित्रे छापली जातात. शिवाय तेरड्यासारखी नाजूक फुले दाबून सुकवली की त्यांची घडण ओळखू येत नाही. तेथे ताज्या फुलावरून केलेले चित्र फार मोलाचे ठरते.

उत्तर २ : वरील उत्तराशी सहमत आहे, केवळ एक भर घालतो. ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील सचित्र ग्रंथाच्या १६७८ ते १६९३ या काळात निघालेल्या बारा खंडांतील काही चित्रे वनस्पतींना द्विनामी शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने दिलेल्या नावांचे प्ररूप मानली जातात, म्हणजे ते नाव नेमके कोणत्या वनस्पतीचे, याचा निवाडा त्या चित्रावरून होतो. मात्र १ जानेवारी २००७ पासून वनस्पतीच्या नव्या प्रजातीसाठी जतन केलेला नमुनाच प्ररूप म्हणून द्यावा लागतो (माझ्या मते हा नियम योग्यच आहे, कारण चित्रातून डीएनए मिळत नाही). म्हणून ज्या झाडाचे चित्र काढाल, त्याचाच नमुना, आवश्यक ती परवानगी घेऊन, वनस्पतिसंग्रहालयात जमा करावा आणि त्याचा संकलन क्रमांक चित्रावर लिहावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रंग जागेवरच भरणे आवश्यक आहे का? फुले तासाभरात मलूल होतात.

उत्तर २ : नाही. वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउअर यांनी १८०१ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाच्या ऑस्ट्रेलिया मोहिमेत पेन्सिलीच्या रेखाटनांवर रंगछटांचे क्रमांक लिहून ठेवले आणि चित्रे पुढे सवडीने रंगवली. आपणही स्वतःचा रंगतक्ता करू शकता.

उत्तर १ : प्रत्येक भागाशेजारी मोजपट्टी काढावी, कारण चित्र लहानमोठे करून छापले की ‘दुप्पट आकार’ ही नोंद निरुपयोगी होते. तसेच फळ पाहिले नसेल तर ते अंदाजाने काढू नये. त्याची जागा मोकळी सोडावी.