लॉनच्या स्प्रिंकलरला लीकेज आहे पण सापडत नाहीये

लॉनग्रस्त
नमस्कार मंडळी, बावधनला आईबाबांचा बंगला आहे, पुढे हजारेक स्क्वेअर फूट लॉन. 6 वर्षांपूर्वी पॉप-अप स्प्रिंकलर बसवून घेतलेत. गच्चीवर बागेची वेगळी 1000 लिटरची टाकी, शेजारी प्रेशर पंप, खाली गेटजवळच्या चेंबरमध्ये एक बॉल व्हॉल्व्ह (हाताने फिरवायचा कॉक) आणि त्याच्यापुढे तीन झोनचे (लॉनच्या तीन भागांचे) तीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारे. आता झालंय असं की झोन 2 चे स्प्रिंकलर अर्धेच उठतात, उतारावरचा सगळ्यात खालचा तर दिवसभर टिपटिपत असतो आणि चाफ्यापाशी परातीएवढा भाग कायम ओला, पाय ठेवला की चप्पल रुतते. तीन दिवस सिस्टीम बंद ठेवली तरी सुकत नाही. माळीकाका म्हणतात सगळं खणून नवीन लाइन टाकू, बाबा म्हणतात काढून टाका ते थेर, मी हातात पाइप धरून पाणी घालतो. टाकी टँकरच्या पाण्याने भरतो त्यामुळे जीव तुटतो हो. कुठून सुरुवात करू?

टिकाव_नको
आधी माळीकाकांच्या हातातला टिकाव काढून घ्या :)
खणायच्या आधी मोजा. रात्री टाकी भरून झाली की इनलेट बंद करायचा, आत पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करायची आणि सकाळी बघायचं. तुमच्या टाकीचा व्यास 110 सेमीच्या आसपास असेल तर 1 सेमी पातळी उतरली म्हणजे साडेनऊ लिटर पाणी गेलं. दुसऱ्या रात्री हेच करायचं पण चेंबरमधला बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून. पातळी हलली नाही तर गच्चीपासून चेंबरपर्यंतची लाइन निर्दोष, चोर पुढे आहे.

पाषाणची_ताई
खालचा स्प्रिंकलर टिपटिपतो म्हणजे लीकेजच असं नाही हं. आमच्याकडेही उतार आहे, झोन बंद झाला की पाइपात राहिलेलं पाणी सगळ्यात खालच्या डोक्यातून (स्प्रिंकलरच्या) निघतं. पण ते अर्ध्यापाऊण तासात थांबतं. थांबत असेल तर चेक व्हॉल्व्हवालं (हे उरलेलं पाणी अडवणारी झडप असलेलं) डोकं बसवा, विषय संपला. न थांबता चालू असेल तर मात्र मागून पाणी येतंय. (मी त्याच्यापायी दोन चांगली डोकी बदलली, नवीनही तशीच टिपटिपायला लागली तेव्हा अक्कल आली.)

लॉनग्रस्त
मोजलं. पहिल्या रात्री 11 सेमी!! म्हणजे शंभर लिटरच्या वर नुसतं झोपेत गेलं. काल बॉल व्हॉल्व्ह बंद करून जेमतेम अर्धा सेमी, ते मार्करच्या रेषेच्या जाडीत धरलं. आणि ताई, आमचं डोकं थांबत नाही, पहाटे 5 ला बॅटरी घेऊन बघितलं, टिपटिप चालूच.

टिकाव_नको
मग दोन दुखणी आहेत असं माझं मत. झोनचा पाइप सोलेनॉइडच्या पुढे असतो, व्हॉल्व्ह नीट बंद होत असेल तर तो फुटला तरी फक्त पाणी चालू असताना गळेल. तुमचं तीन दिवस बंद ठेवूनही गळतंय म्हणजे व्हॉल्व्ह 2 पूर्ण मिटत नाही आणि पुढे पाइपही कुठेतरी गेलाय. पंप बंद असला तरी गच्चीवरच्या टाकीचा दाब असतोच ना, 7 मीटर उंची धरली तर 0.7 बार. तेवढ्यावर डोकी उठत नाहीत पण गळायला भरपूर झालं.

आधी फुकटातलं बघा, व्हॉल्व्हवरचा छोटा ब्लीड स्क्रू कोणी अर्धवट सोडलाय का आणि कॉइल (व्हॉल्व्हवरचा वायरी जोडलेला भाग) हाताने घट्ट आहे का. तसं नसेल तर बॉल व्हॉल्व्ह बंद करून, ब्लीड स्क्रूने प्रेशर सोडून वरचं झाकण उघडा. आत स्प्रिंग असते, उडाली की लॉनमध्ये शोधत बसाल, तेव्हा झाकणावर एक हात ठेवा. रबराचा डायफ्रॅम (पाणी अडवणारा पडदा) काढून उजेडात धरा. चीर असेल तर बदलायचा, नाहीतर धुवायचा. टँकरच्या पाण्यातला वाळूचा एक कण सुद्धा पुरतो.

रिटायर्ड_ओव्हरसियर
व्हॉल्व्हचं बरोबर सांगितलंय. पाइपाचं मी सांगतो. ओल दिसते तिथेच पाइप फुटलाय असं समजू नका. बंगल्यांच्या बागेत बहुतेक खाली मुरूम आणि वर आणलेली लाल माती, त्यामुळे पाणी पाइपाच्या चरातून उताराला धावतं आणि जिथे वाट मिळेल तिथे वर येतं. ओलीच्या वरच्या अंगापासून सुरू करा. हिरवळ खुरप्याने चौकोनी तुकड्यांत काढून गोणपाटावर ठेवा, परत तशीच बसते.

पाइप सापडला की दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळा करा, नाहीतर वाकत नाही आणि कपलर (दोन पाइप जोडायचा तुकडा) चढत नाही. वरून कसलंही सील थापू नका, तुकडा कापून दोन कपलर घाला. पाइप चिकटवायचं सोल्युशन ओल्या पाइपावर धरत नाही आणि पाइपातून थेंबथेंब येतच राहतो, त्यावर जुना इलाज म्हणजे पावाचा मऊ भाग (कडा नको) आत बोळ्यासारखा सारायचा. तो पाणी धरून ठेवतो तोवर जोड मारून घ्यायचा. रात्रभर वाळू द्या, सकाळी खालचं डोकं काढून पाणी सोडा, पाव विरघळून निघून जातो. डोकं काढायला विसरलात तर जाळीत पाव अडकेल, हे स्वानुभवाने सांगतो.

लॉनग्रस्त
रिपोर्ट देतो. डायफ्रॅमखाली वाळू नव्हती, पांढऱ्या पीव्हीसीचा कीस होता, बहुतेक पाइप करवतीने कापला तेव्हाचा, 6 वर्षं फिरत फिरत तिथे येऊन बसला असणार. धुतला, टिपटिप बंद. पाइप ओलीच्या वरच्या अंगाला चांगला चार फुटांवर फुटलेला सापडला, डोकं बसतं त्या टी-जोडाला उभी चीर. मागच्या महिन्यात माळीकाकांनी तिथे सोनटक्का लावायला पहार मारली होती, ते आता आठवलं :( पाव वडापाववाल्याकडून नुसता आणला, तो म्हणाला वडा नको का. डोकी आता टणाटण उठतात.
पण एक आहे, सगळं बंद असताना अजूनही रात्रीत अर्धा सेमी जातोच. बाबा म्हणतात बाष्पीभवन.

टिकाव_नको
झाकण लावलेल्या टाकीतून रात्री? बॉल व्हॉल्व्ह बंद असतानाही अर्धा सेमीच गेला होता ना, तो मार्करच्या जाडीत ढकललात. गच्चीवर जाऊन पंपाच्या युनियनखालून (पाइप जोडायच्या आट्याच्या जोडाखालून) हात फिरवा.

लॉनग्रस्त
ओलं आहे.