जुन्या बिया रुजवणे : मसाडाचा खजूर आणि कमळगट्टे

रोपवेडा : मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे २००० वर्षं जुनं खजुराचं बी २००५ मध्ये इस्रायलात रुजलं. त्यावर नेमकी काय प्रक्रिया केली होती? घरात पंचवीसेक वर्षं पडून असलेले कमळगट्टे (कमळाच्या बिया) त्याच पद्धतीने रुजतील का? आठवडाभर पाण्यात आहेत, पण फुगतच नाहीत.

बीजकोश : कमळाला ती पद्धत नको, दोघांचं दुखणं वेगळं आहे. कमळगट्ट्याचं कवच पाणी आत शिरूच देत नाही, म्हणून तर ते इतकं टिकतं. चीनमध्ये शीपाओझीच्या आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षांचं बीसुद्धा रुजलं आहे.

बीच्या एका अंगाला बारीक टोक असतं, दुसऱ्या अंगाला खळगा. खळग्याकडून कानशीने घासा. काळं कवच जाऊन आतला फिकट दुधाळ रंग दिसला की तिथेच थांबा. जास्त घासलं तर गर उघडा पडून सडतो. मग २५ ते ३० अंशांच्या पाण्यात, उजेडात ठेवा आणि पाणी रोज बदला. एक-दोन दिवसांत बी टम्म फुगायला हवं. नाही फुगलं तर घासणं कमी पडलंय. पाणी गढूळ होऊन वास मारायला लागलं तर ते बी गेलं, लगेच बाजूला काढा. आठवड्याभरात हिरवा कोंब दिसतो. दोन-तीन पानं आणि मुळं फुटली की चिकणमातीत लावा. कोकोपीट नको, ते तरंगतं.

तुमचे गट्टे जपमाळेतले असतील तर मात्र नाद सोडा. मणी ओवायला पाडलेल्या भोकात अंकुर चिरडलेला असतो.

खारीक : खजुराबद्दल. मसाडाचं बी रुजवणाऱ्या सारा सॅलन आणि एलेन सोलोवे यांनी २०२० मध्ये आणखी सहा रोपांची माहिती प्रसिद्ध केली, त्यातला क्रम असा : २४ तास पाणी, ६ तास जिबरेलिक आम्ल (जीए, वाढीचं संप्रेरक), ६ तास मुळं फुटण्याचं संप्रेरक, १२ तास द्रवरूप सेंद्रिय खत. सगळी द्रावणं ३५ अंशांवर. मग निर्जंतुक मातीत साधारण १ सेंमी खोल.

आम्लाचं प्रमाण लिटरला सुमारे १.८ ग्रॅम पडतं. आपले द्राक्ष बागायतदार वापरतात तेच हे जीए, पण फवारणीच्या मानाने कितीतरी तीव्र. पावडर थेट पाण्यात टाकली तर तळाशी बसते. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घाला.

रोपवेडा : सायबेरियातलं ३०,००० वर्षांचं रोपही असंच उगवलं का?

बीजकोश : नाही, तिथे बी रुजलंच नव्हतं. गोठलेल्या कच्च्या फळातल्या जिवंत ऊतीपासून प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चर) रोपं केली, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

खारीक : आणि जीए मेलेल्या बीला जिवंत करत नाही. बिया भरपूर असतील तर आधी दोन-चार भिजवून उभ्या चिरा आणि १ टक्का टेट्राझोलियमच्या (जिवंत भाग लाल करणारं रसायन) द्रावणात, अंधारात काही तास ठेवा. अंकुर लाल झाला तरच बाकीच्यांवर मेहनत घ्या.