मदत हवी आहे: शार्क बाकीच्या माशांना जगू देत नाहीये

कंदील
टँकमध्ये शार्कने (समुद्रातली नव्हे, टँकमध्ये पाळतात तो छोटा मासा) हैदोस घातलाय. एंजलच्या पंखांच्या चिंध्या, गोरामी कोपऱ्यात वर तोंड करून उभी. दुकानदार म्हणतो सवय होईल. कोणतं औषध टाकू? लवकर सांगा.

भरीत_भाकर
औषधाने भांडणं थांबत नाहीत. टँक केवढा? मासे कोणते, किती? शार्क लाल शेपटीची की बाला?

कंदील
लाल शेपटीची. टँक साधाच आहे, घरात असतो तसा.

तापीकाठ
साधा म्हणजे काय हो? लांबी, रुंदी, उंची इंचात लिहा. आणि सगळे मासे सांगा, फक्त आरोपीचं नाव नको.

पूर्वमुखी
टँक कोणत्या दिशेला ठेवलाय? ईशान्येला असेल तर एक काळा मासा पाहिजेच. शार्क काढू नका.

कंदील
२४ × १२ × १२. शार्क १, एंजल २, गोरामी २, टायगर बार्ब ४. आत एक मडकं आणि प्लास्टिकची झाडं.

भरीत_भाकर
चार बार्ब आहेत हे आत्ता सांगताय! शार्क पळवते, मडक्याजवळ आलेल्याला हाकलते. पंखांचे कडेचे लचके तोडणं हे बार्बचं काम. एंजलच्या लांब पंखांवर आणि गोरामीच्या मिशांवर ते टपलेलेच असतात. दिवा लावल्यावर दहा मिनिटं लांब बसून बघा, कोण मागून येऊन टोचतो ते कळेल.

निळी_गोरामी
चारच बार्ब, हीच अडचण. आठ-दहा करा. मग ते आपसात मोठा-धाकटा ठरवत बसतात, बाकीच्यांना सोडतात.

तापीकाठ
या टँकमध्ये? ५६ लिटरचं माप, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी ४५ च्या आसपास. त्यात आणखी सहा बार्ब म्हणजे अमोनियाला, माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषाला, आवतण. शिवाय एंजल असेल तर झुंड मोठी असूनही पंख कुरतडतातच. बार्ब ठेवा नाहीतर एंजल, दोन्ही नाही. एंजलला तशीही १८ इंच उंची लागते.

निळी_गोरामी
तीन फुटी टँकमध्ये जमतं.

तापीकाठ
प्रश्न दोन फुटीचा आहे.

ढोलकी
मिथिलिन ब्लू टाका, जखमा भरतील.

भरीत_भाकर
मुख्य टँकमध्ये अजिबात नको. फिल्टरमधले जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, वर काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं. कंदील भाऊ, असं करा:
शार्क काढून झाकणाच्या २० लिटरच्या बादलीत ठेवा, स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावून. फिल्टर कोरा असेल तर बादलीतलं निम्मं पाणी रोज बदला.
टँकमधलं २५ टक्के पाणी बदला. नळाचं असेल तर आधी क्लोरीन काढा.
जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला १ ग्रॅम. म्हणजे ४५ ग्रॅम, मगात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत. शार्क बाहेर असतानाच, तिला मीठ सोसत नाही.
मडकं, झाडं सगळ्यांच्या जागा बदला. फुटक्या मडक्याचे आणखी तीन-चार तुकडे टाका, कड घासून, असे की एका टोकावरून दुसरं दिसू नये. जुनी हद्द मोडली की दादागिरीही उतरते.
शार्क परत सोडायचीच असेल तर चार-पाच दिवसांनी, टँकमधल्यांना खायला घालून, दिवा बंद करून. पण ती वाढून पाच इंचांवर जाते, दुकानात परत दिलेली बरी. बार्बही सोबत द्या.

भुसावळी_ऊन
पाण्याचं तापमान कोणीच विचारलं नाही. ३२ च्या वर गेलं की प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकतात, चिडतातही. गोरामी मुळात वर येऊन हवा घेते, पण कोपरा धरून बसली असेल तर तिला तिथे रेटलंय. छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाचे खडे नकोत. उडालेलं पाणी आरओचं भरा. बोअरचं भरत गेलात तर क्षार साचत जातात.

ढोलकी
कूलरच्या टाकीत गप्पी सोडले तर चालतील का? डास फार.

भुसावळी_ऊन
पंप ओढून घेतो त्यांना. हौदात सोडा. आणि नवा धागा काढा भो.

कंदील
बार्बच निघाले. दोघं मिळून एंजलच्या मागे होते. पाणी ३३. बार्ब आणि शार्क दोन्ही परत देतो. पण शार्क जाळीत येत नाहीये, मडक्यात शिरते.

तापीकाठ
मग जाळी कशाला? तोंडावर तळहात धरून मडक्यासकट उचला, बादलीत उपडं करा. वरचं झाकण मात्र लगेच लावा, उडी मारते.

पूर्वमुखी
दिशा अजून सांगितली नाही तुम्ही.