मदत हवी आहे: दयाळ पक्षी रात्री अडीच-तीनलाच गायला लागलाय. दिव्यांमुळे की गोंगाटामुळे?

नमस्कार मंडळी,

पक्ष्यांमधल्या जाणकारांची मदत हवी आहे. आमची सोसायटी कोथरूडला, मोठ्या रस्त्याला लागून. आवारात दयाळाची जोडी आहे. मार्च लागला की नर गायला लागतो, पण दरवर्षी तो पहाटे, झुंजुमुंजू व्हायच्या जरा आधी सुरू करायचा. यंदा रात्री अडीच-तीनलाच सुरुवात होते. बसतोही नेमका पार्किंगच्या दिव्याशेजारच्या शेवग्यावर.

अडचण अशी की यंदा दोन गोष्टी एकदमच बदलल्या. जुने पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, आणि रस्त्यावरची वाहतूक अतोनात वाढली.

सोसायटीत सगळे दिव्यांनाच दोष देतात. पण इंग्लंडमधल्या शेफील्डला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळं सांगतो. तिथला रॉबिन, जो दयाळाच्याच कुळातला, रात्री गातो तो मुख्यतः दिवसा जास्त गोंगाट असलेल्या ठिकाणी. रात्रीच्या उजेडापेक्षा दिवसाच्या आवाजाशी त्याचा संबंध जास्त दिसला. दिवसा आपला आवाज पोचत नाही, म्हणून शांत वेळ गाठायची! उलट व्हिएन्नाजवळच्या जंगलात रस्त्यावरच्या दिव्यांलगतचे पक्षी पहाटे लवकर गाऊ लागले आणि तिथल्या ब्लू टिट या छोट्या पक्ष्याच्या माद्यांनी अंडीही लवकर घातली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे दोन्ही शक्य आहे. दिवे बदलायला लावले आणि कारण गोंगाट निघालं, तर सोसायटी पुन्हा माझं ऐकणार नाही.

मला खरी काळजी मादीची आहे. दयाळात अंडी एकटी मादी उबवते. यांचं घरटं कंपाउंडच्या भिंतीतल्या भोकात आहे आणि त्यावर रात्रभर झगझगीत उजेड पडतो. नराला तरी झोप कधी मिळत असेल?

एक गोष्ट मात्र आशा देते. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या थांबल्या, तेव्हा तिथल्या एका जातीच्या चिमण्या लगेच हळू आवाजात आणि खालच्या पट्टीत गाऊ लागल्या. कारण दूर झालं तर पक्षी सावरतात.

दिवे बंद करा असं मी म्हणू शकत नाही. रात्रपाळीहून येणाऱ्या बायका आहेत, वयस्कर माणसं आहेत. मग खाली उजेड टाकणारी टोपी, पिवळसर बल्ब की माणूस आल्यावरच लागणारा सेन्सर, यातलं आधी काय मागावं? आणि पिल्लं घरट्यात असताना हा बदल करावा की ती उडून जाईपर्यंत थांबावं?

आणखी एक विनंती गावाकडच्या सदस्यांना. तुमच्याकडे पांढरे दिवे आले असतील पण वाहतूक तशीच कमी असेल, तर तिथला दयाळ हल्ली किती वाजता सुरू करतो, तेवढं कृपया इथे लिहा. दिवा घरट्यापासून साधारण किती लांब आहे तेही कळवा.