शेतीच्या ॲपमधल्या चित्रायले एकच ठेवण पाह्यजे का नाई?

पऱ्हाटीवाला
आमच्याकडच्या शेतकरी कंपनीचं ॲप बनवून रायलो, कापूस-तुरीचे भाव अन् फवारणीची आठवण, बस. चित्रं फुकटची, काही अनड्रॉ नावाच्या चित्रांच्या साइटवरची, काही दुसरीकडची. आता एका पानावर जाड रेघेचा बैल अन् दुसऱ्यावर बिनरेघेचा लांब हातापायाचा जांभळा माणूस, पाहूनच समजते का हे गोळा केलेलं हाये. माझं मत, आधी नियमच लिहून टाका. रेघेची जाडी एकच, रंग चार-पाच, सावली नाई, डोक्या-हाताचं माप ठरलेलं.

काऊन_भौ
काऊन पण? शेतकऱ्याले भाव पाहाचा हाये. बोंडअळीची डोमकळी (अळीनं गुंडाळलेलं, न उमललेलं फूल) फोटोतच ओळखू येते, चित्रात काय घंटा समजते.

पऱ्हाटीवाला
किडीले फोटोच, कबूल. पण नेट गेल्यावर जे पान येते तिथं कोनाचा फोटो लावता? अन् साधं एसव्हीजी (नुसत्या रेघा-आकारायचं) चित्र फोटोपरीस कितीतरी हलकं रायते, आपल्या गावची रेंज पाहा अन् मंग बोला.

संत्रापट्टा
वारली घ्या ना सरळ, मराठी वाटते.

रेघोट्या
वारली डहाणू-जव्हारकडची, लग्नात घराच्या भिंतीवर काढतात त्या चौकाची. वणी-पांढरकवड्याच्या कापसाचा अन् तिचा काय संबंध? सरकारी भिंतीवर पाहून पाहून सवय झाली लोकायले.
पऱ्हाटीवाले दादा, तुमचंही पटलं नाई. फेसबुकनं 2017 मंदी बक स्टुडिओकडून अलेग्रिया शैली करून घेतली, छोटं डोकं, मोठे हातपाय, निळी-जांभळी कातडी, मंग ज्यानं त्यानं तेच उचललं अन् बँक काय विमा काय, सारे एकाच घरचे दिसाले लागले. नियम तर त्यायचेही पक्के होते. आधी एकाच हातानं दहा-बारा चित्रं काढून घ्या, ओटी बांधून कापूस वेचणारी बाई, पाठीवर पंप घेतलेला टी-शर्टातला पोरगा (धोतर-पागोट्यातला म्हातारा नोका दाखवू, कृपा करा), तण काढाचा डवरा, जिनिंगसमोरची लाईन. मंग त्यातून नियम काढा.

पऱ्हाटीवाला
अन् तो हात सोडून गेला तर? नियम कागदावर असले का दुसऱ्याले देता येतात.

रेघोट्या
नमुना नसला तर नुसता कागद पाहून दुसरा काय काढन? रेघ दोन पिक्सेलची काढन, पण बाई पुण्याची दिसन.

काऊन_भौ
पैसे कोन देते ते सांगा आधी.

पऱ्हाटीवाला
पैशाचं मीटिंगमंदी पाहू. रेघोट्या ताई, तुम्हीच तीन-चार नमुने टाकजो, पण बंडीले रबरी चाक काढजो, लाकडी कोनाकडं रायली आता.